बेंझिनच्या दोन नळ्या

मिलिंद,

त्या दिवशी प्रयोगाच्या वहीत मी 'चार फेऱ्या' असे लिहिले. केली मात्र एकच होती. एवढे एक वाक्य कागदावर उतरवायला मला अठ्ठावीस वर्षे लागली. तुला जाऊन दोन आठवडे होत आले, आणि तू वाचणार नाहीस अशा वेळी ते उतरते आहे. यातला भित्रेपणा मला दिसतो. तो लपवून तुझ्याविषयी चार गोड शब्द लिहिणे मला जमले असते. तुझ्या स्मरणिकेसाठी तशी मागणीही होती. पण तुझ्या आठवणीपुढे खोटे आकडे मांडण्याची माझी सवय आता सुटली पाहिजे.

त्या फेऱ्या कसल्या, हे तुला सांगायची गरज नाही. पण निलंग्याचे तुझे लोक, लातूरचे तुझे विद्यार्थी हे वाचतील, म्हणून तू ज्या रीतीने सांगायचास त्या रीतीनेच सांगतो.

नांदेडला आपण दोघे एकाच सरांकडे संशोधन करत होतो. खोलीच्या मधोमध ते लोखंडी चुंबक होते. त्याच्या गुंडाळ्या थंड राहाव्यात म्हणून गच्चीवरच्या टाकीचे पाणी त्यातून फिरे, आणि उन्हाने टाकी तापली की चुंबक चळे, चुंबकाबरोबर आपले सगळे आकडे चळत. म्हणून नांदेडच्या उन्हाळ्यात आपण पहाटे येऊन साडेनऊच्या आत मोजमाप उरकत असू. नळीत थोडे बेंझिन घ्यायचे आणि नळी चुंबकात ठेवायची. द्रवातल्या हायड्रोजनचे प्रत्येक केंद्रक हे एक इवलेसे चुंबकच. मोठ्या चुंबकाच्या दिशेला त्यांतली थोडी जास्त केंद्रके कल धरतात. रेडिओ लहरीचा एक क्षणाचा ठोका दिला की तो कल उलटतो आणि मग सावकाश पूर्ववत होतो. या पूर्ववत होण्याला किती वेळ लागतो, तेवढे मोजायचे. पुस्तकात याला शिथिलन म्हणतात; आपण रिलॅक्सेशन म्हणत होतो.

पहिल्या वर्षी मी तुला विचारले होते, "पण त्यांना परत आणतं कोण?"

तू म्हणालास, "नागपंचमीचा झोका बघितलास का रं कधी? भलत्या वेळी शंभर धक्के दे, झोका हलत न्हाई. त्याच्या तालात एक दे, निघाला वर. इथं धक्के देणारे शेजारचे रेणू. ते फिरून राहिलेत, आपटून राहिलेत. त्या सगळ्या गोंधळातला जेवढा धक्का केंद्रकाच्या तालात बसतो, तेवढाच त्याला परत आणतो."

"आणि रेणू फार जोरात फिरत असले तर?"

"तर तालात बसणारे धक्के कमी. परत यायला वेळ लई. म्हणजे वेळ मोजला की फिरणं कळलं."

मी गेली पंचवीस वर्षे हा विषय शिकवतो, समीकरणांसह शिकवतो, आणि याहून स्वच्छ मला अजून सांगता आलेले नाही. वर्गात मी तुझा झोकाच वापरतो. तुझे नाव मात्र सांगत नसे.

ज्या सकाळी आपल्याला बेंझिनचे पहिले नीट मोजमाप मिळाले, ती सकाळ मला अजून तशीच दिसते. ऑसिलोस्कोपच्या हिरव्या रेषेवर वीस सेकंदांच्या आसपासचे उत्तर येत होते. तू कागदावर गणित मांडलेस आणि पेन खाली ठेवलेस. बेंझिनचा रेणू एकदा कूस बदलायला सेकंदाचा लाख-कोटीवा भाग घेतो, असे ते गणित सांगत होते. तो रेणू कोणी पाहिला नव्हता, पाहू शकणार नव्हते. पंख्याखाली बसून, घड्याळाचा काटा सावकाश सरकताना बघत, आपण दोन पोरे त्याची कूस मोजत होतो. तू नळीपुढे हात जोडलेस.

मी हसून विचारले, "हे कोणाला?"

"बेंझिनला," तू म्हणालास. "आपण देवाला हात जोडत न्हाई, पण ह्याला जोडायला हरकत न्हाई. एवढ्या घाईत असून आपल्याला खरं सांगून राहिलंय."

तेव्हा मी हसलो होतो. आज त्या जोडलेल्या हातांपुढे मला खाली बघावेसे वाटते.

आता त्या फेऱ्या. हवेतला ऑक्सिजन द्रवात विरघळलेला असतो, आणि तो स्वतःच चुंबकीय असल्यामुळे केंद्रकांना भलत्याच घाईने परत आणतो. "ऑक्सिजन म्हणजे गावचा पुढारी," हे तुझेच वाक्य, "जाईल त्या लग्नात सगळ्यांना उठवून बसवतो." तो काढल्याशिवाय बेंझिनचे स्वतःचे फिरणे कळत नाही. त्यासाठी नळी द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून बेंझिन थिजवायचे, वरची हवा पंपाने ओढून घ्यायची, पंप बंद करून बेंझिन वितळू द्यायचे, म्हणजे आतला वायू बुडबुड्यांनी वर येतो. मग पुन्हा थिजवायचे. अशा चार फेऱ्या. चौथीनंतर नळीची मान ज्योतीवर वितळवून कायमची बंद करायची. काचेचे हे काम तुझे होते. इतकी अरुंद, इतकी गोल, डाग नसलेली टोके मी नंतर मोठ्या प्रयोगशाळांतही पाहिली नाहीत.

आणि नायट्रोजन आणायचे काम माझे. विभागाला तो परवडत नसे. गुरांच्या दवाखान्यातल्या कृत्रिम रेतनाच्या केंद्रात मात्र तो आठवड्यातून एकदा येई. तिथले पर्यवेक्षक तुला ओळखत. आपण कंटेनर घेऊन दारात उभे राहिलो की ते म्हणत, "आले का बेंझिनवाले! पोराहो, वळूच्या रेतमात्रा ज्यात ठेवायच्या ते तुमच्या कंटेनरात ओतून राहिलोय. म्हशी गाभण राहिल्या न्हाईत तर मालक लोक माझ्या बोकांडी बसतील, तुमच्या न्हाई." तू गंभीर चेहऱ्याने म्हणायचास, "साहेब, पेपरात म्हशींचे आभार मानतो."

त्या आठवड्यात तू शिकवणीच्या तासांत अडकला होतास, म्हणून मी एकटा गेलो. परत येताना बस स्टँडवर बिलोलीकडचे चार मित्र भेटले. गावाकडच्या गप्पा निघाल्या, चहा झाला, पुन्हा चहा झाला. कंटेनर मी उन्हातल्या बाकड्यावर ठेवला होता आणि त्याचे झाकण नीट बसलेले नव्हते, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा दोन तास उलटून गेले होते. आत उरला होता तो नायट्रोजन एका फेरीपुरता. केंद्रात पुढचा यायला आठवडा होता आणि चौथ्या दिवशी बाहेरचे एक ज्येष्ठ तज्ज्ञ आपले काम पाहायला येणार होते. मी एक फेरी केली. तू तास संपवून धावत आलास, हात धुतलेस, ज्योत पेटवलीस आणि विचारलेस, "चार झाल्या?"

मी म्हणालो, "झाल्या."

तू वहीकडे पाहिलेही नाहीस. माझ्या शब्दावर नळी बंद केलीस.

चौथ्या दिवशी पाहुण्यांसमोर त्या नळीचे उत्तर अकरा सेकंद आले. पाहुण्यांनी भुवया उंचावल्या, सर ओशाळले. सरांनी आपल्याकडे पाहिले, आणि मी, मिलिंद, अगदी हळू आवाजात बोललो. मी नेहमीच हळू बोलतो. लोक त्याला सभ्यपणा समजतात. मी म्हणालो, "सील गळत असेल, सर."

सरांनी माझ्याकडे पुरावा मागितला नाही. तुझ्याकडे वळून एवढेच म्हणाले, "काच बंद करण्यासारखी कामं नाजूक असतात. सगळ्यांच्या हाताला येत नाहीत." तू निलंग्याच्या बौद्ध वस्तीतून आलेला, आई-वडील दोघेही मजुरीला जाणारे, मी बिलोलीकडच्या जमीनजुमल्याच्या घरातला. सरांना माझे म्हणणे इतक्या सहज का पटले, हे त्या क्षणी मला नीट कळत होते. त्यांना ते पटणार हेही मला, बोलण्याआधीच, कुठेतरी ठाऊक होते. फेऱ्यांविषयी खोटे बोललो ते घाबरून. सीलविषयी बोललो तेव्हा मात्र मी एका जुन्या उतारावर ओझे नुसते सोडून दिले होते. ते कोणाकडे घरंगळत जाईल, हे पिढ्यांनी आधीच ठरवून ठेवले होते.

तू आवाज चढवला नाहीस. तू म्हणालास, "सर, सील गळत असेल तर हवा आत येतच राहील, आकडा रोज उतरत जाईल. पंधरा दिवस ही नळी मोजू. उतरला तर चूक माझी."

"वेळ नाही," सर म्हणाले.

पुढे काय झाले ते मोजकेच लिहितो. आपल्या या कामावरच्या शोधनिबंधातून तुझे नाव गेले. काचेचे काम दुसऱ्याकडे गेले. तुझ्या शिष्यवृत्तीला मुदतवाढ मिळाली नाही आणि तू लातूरच्या एका महाविद्यालयात शिकवायला लागलास. माझी पदवी दोन वर्षांत झाली. तुझी व्हायला नऊ वर्षे लागली. जाताना तू ती नळी मागून घेतलीस, आणि तिच्या आदल्या आठवड्यात तू स्वतः चार फेऱ्या करून बंद केलेली आणखी एक. सर म्हणाले, "ने. बिघडलेल्या मालाचं आम्हाला काय?"

तुझ्या जागी मी असतो तर माझे तोंड पाहिले नसते. तू काय केलेस? माझा प्रबंध सादर होण्याच्या आदल्या दिवशी लातूरहून एस.टी.ने नांदेडला आलास. मी तुला वाचायला पाठवलेल्या प्रतीत, चौथ्या प्रकरणातल्या एका समीकरणात चिन्हाची चूक होती; तिच्यामुळे पुढची तीन पाने कोसळत होती. फोनवर सांगितले असतेस तरी चालले असते, असे मी म्हणालो. तू म्हणालास, "फोनवर तू हो हो म्हणशील अन् तसंच ठेवशील. तुला मी ओळखतो." आणि माझ्या टेबलाशी बसून तीनही पाने पुन्हा लिहून दिलीस. तुझ्या अक्षरातली ती पाने अजून माझ्याजवळ आहेत. 'तुला मी ओळखतो' या तीन शब्दांत किती काय होते, हे त्या दिवशी मी ऐकू न आल्यासारखे केले.

कारण तुला ठाऊक होते. केव्हापासून, हे मला आता कळले आहे. तेव्हा फक्त भीती होती. दर वर्षी पावसाळा सरला की तुझा फोन येई. घरचे विचारून झाले, पोरांचे झाले, की तू सहज म्हणायचास, "बालाजी, नळ्या अजून तशाच हायत बरं का. ये एकदा लातूरला. दोघं बसून मोजू."

"येतो की," मी म्हणायचो. "दिवाळीनंतर नक्की येतो."

लातूरला मी किती वेळा आलो! परीक्षांना आलो, लग्नांना आलो, तुझ्याकडे जेवलो, शोभावहिनींच्या हातची धपाटी खाल्ली. नळ्यांचा विषय निघाला की मला गाडीची वेळ आठवायची. आपला एकच वाद अपुरा राहिला, आणि तो अपुरा राहावा म्हणून झटणारा मी एकटा होतो.

मग या वर्षी तुझे आजारपण आले. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तुला नुकतेच एम.आर.आय.मधून बाहेर आणले होते. इतका खंगला होतास, पण डोळे तसेच मिश्कील. म्हणालास, "बघ, जन्मभर बेंझिन नळीत घालून मोजलं. आज मलाच नळीत घातलं." मग म्हणालास, "आत लई खडखडाट असतो. बाकीचे लोक घाबरतात म्हणे. मी आवाजावरनं ओळखून राहिलो होतो, कोणता ठोका कधी पडतोय ते. त्या पोराला बाहेर आल्यावर सांगितलं, तर तो माझ्याकडंच बघत बसला."

ती चित्रे तू मला दाखवलीस. कुठे उजेड, कुठे अंधार. आणि तो सगळा फरक, आपल्या नळीतल्या बेंझिनसारखाच, तुझ्या देहातल्या पाण्याच्या परतण्याचा होता. निरोगी जागी पाणी एका गतीने परतत होते, जिथे रोग होता तिथे दुसऱ्या. ज्या गोष्टीपुढे तू तरुणपणी हात जोडलेस, तीच आता तुझ्याविषयी खरे सांगत होती. तू त्या चित्राकडे घाबरून पाहत नव्हतास. ज्या डोळ्यांनी हिरवी रेषा पाहायचास, त्याच डोळ्यांनी पाहत होतास. आपल्याच मरणाच्या बातमीकडे माणूस इतक्या आदराने पाहू शकतो, हे मी तिथे पाहिले.

तूच म्हणालास, "नळ्या मोजशील ना?"

मी मान हलवली. त्या वेळी तरी तोंड उघडायला हवे होते.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी तुझ्या लेकीचा, प्रज्ञाचा, फोन आला. "काका, बाबांच्या टेबलात दोन नळ्या हायत. एकीवर 'बालाजी' लिहिलंय, दुसरीवर 'मी'. सोबत एक वही हाय. तुमच्याच हातात द्या म्हणाले होते."

मी लातूरला गेलो. वही पातळ होती. दर वर्षी एक ओळ: तारीख, तापमान, दोन आकडे. लातूरच्या सोयाबीनच्या बाजारासाठी दाण्यांतले तेल आणि ओल तपासणारी जी प्रयोगशाळा आहे, तिथले लहान यंत्रही याच तत्त्वावर चालते; तिथल्या लोकांना शिकवण्याच्या बदल्यात तू वर्षातून एक दुपार ते मागून घेत होतास, हे मला प्रज्ञाने सांगितले. 'मी' खाली वीसच्या आसपासचा आकडा, वर्षामागून वर्षे तसाच. 'बालाजी' खाली अकरा, तसाच; दुसऱ्या वर्षीही तो उतरला नाही, तेव्हाच तुला सगळे कळले असणार. एकाही ओळीत तक्रार नाही. फक्त काही ओळींपुढे बारीक अक्षरात लिहिले होते: 'बालाजी येतो म्हणाला.' मी ते मोजायला लागलो आणि नवव्या ठिकाणी थांबलो.

प्रज्ञा रसायनशास्त्राची प्राध्यापिका आहे; तिनेच त्या प्रयोगशाळेत वेळ मागून घेतला. मी माझ्या नावाची नळी यंत्रात ठेवली. तुझा नियम आठवला: प्रत्येक ठोक्यानंतर पाचपट वेळ थांबायचे, द्रवाला पुरते परत येऊ द्यायचे, घाई केली की उत्तर खोटे येते. मी थांबलो. बाहेर सोयाबीनच्या पोत्यांचे टेम्पो लागत होते. आत, तुझ्या हाताने बंद केलेल्या काचेआड, तेच थोडे बेंझिन होते, त्याच एका दिवसाची हवा घेऊन. आपण म्हातारे झालो, सर गेले, तू गेलास. ते रेणू मात्र सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागात कूस बदलत राहिले होते, अठ्ठावीस वर्षे, कोणी विचारील म्हणून नव्हे, आणि कोणीही विचारले तरी उत्तर तेच देणार होते. एवढ्या अस्थिर गोष्टीत इतका अढळ शब्द कुठून येतो, मिलिंद?

आकडा आला. अकरा.

प्रज्ञाने पडद्याकडे पाहिले. "काका, सील गळकं असतं तर?"

"तर हा आकडा केव्हाच तीनच्या खाली गेला असता. बाहेरच्या हवेइतकी हवा आत शिरली असती."

"म्हणजे बाबांचं सील चांगलं होतं." तिने पडद्यावरचा आकडा वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिला. तुझ्यासारखीच आहे, पुढचा प्रश्न तिने सावकाश विचारला. "मग ही हवा आत कुठून आली?"

"रविवारी सांगतो," मी म्हणालो. मग तिच्या चेहऱ्यावर 'येतो म्हणाला'ची सगळी वर्षे दिसल्यासारखी वाटली, म्हणून घाईने म्हणालो, "नक्की सांगतो. सगळ्यांसमोर सांगायचं आहे. तुझ्या बाबांवर आळ आला तोही सगळ्यांसमोर."

रविवारी निलंग्याला तुझे पुण्यानुमोदन झाले. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण उठून बोलू लागला. तुझे विद्यार्थी बोलले, तुझे धाकटे भाऊ बोलले. सोयाबीन तपासणारे ते दोघे आले होते. त्यांनी तू शिकवलेला झोका सांगितला. नांदेडच्या आपल्या विभागातले तेव्हाचे तिघेजण मागच्या रांगेत होते. त्यांना मीच आग्रहाने बोलावले होते. माझे नाव पुकारले गेले तेव्हा मी दोन्ही नळ्या खिशातून काढून तुझ्या फोटोपुढे, मेणबत्तीच्या बाजूला ठेवल्या. माझ्या हळू आवाजाची मला पहिल्यांदा लाज वाटली, म्हणून ध्वनिक्षेपक जवळ ओढला. शोभावहिनी पुढच्याच रांगेत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिले, मग तुझ्याकडे पाहिले, आणि म्हणालो:

"मिलिंद, तुझं सील गळत नव्हतं. कधीच गळलं नाही. हवा मी आत ठेवली होती. चार फेऱ्या लिहून एकच केली, आणि सरांनी विचारलं तेव्हा तुझ्या हातांना दोष दिला. तुझं नाव माझ्यामुळं गेलं. तू मोजत थांबलास आणि मी आलो नाही. वहिनी, प्रज्ञा, तुमचाही मी गुन्हेगार आहे. मिलिंद, मला माफ कर."